वाजवणाऱ्याचं नाव

बेरूत हे लेबनॉनच्या राजधानीचं नाव. त्याच नावाचा एक बँड आहे आणि तो लेबनॉनचा नाही, अमेरिकेचा आहे. न्यू मेक्सिको राज्यातल्या सान्ता फे गावात वाढलेला, शाळा अर्ध्यात सोडलेला एक गोरा पोरगा, झॅक कॉन्डन. जन्म १९८६ चा. सोळा-सतराव्या वर्षी थोरल्या भावाबरोबर युरोपात गेला. तिथं त्याच्या कानावर बाल्कन मुलखातला पितळी बाजा पडला. बाल्कन म्हणजे सर्बिया, मॅसिडोनिया, बल्गेरिया, रुमानिया हा पट्टा. पोरगा घरी परतला तो हा बाजा डोक्यात घेऊनच. आल्बुकर्की शहरात झोपायच्या खोलीत बसून ट्रम्पेट, अकॉर्डियन, युकुलेली अशी एकेक वाद्यं त्यानं स्वतःच वाजवली आणि एकावर एक थर चढवले. २००६ साली ती रेकॉर्ड निघाली. नाव 'गुलाग ऑर्केस्टार'. तेव्हा तो वीस वर्षांचा होता.

असल्या गाण्याला तिकडे 'इंडी' म्हणतात. इंडी म्हणजे इंडिपेंडंट. बड्या कंपनीच्या दारात उभं न राहता आपल्या खोलीत, ओळखीच्या चार माणसांच्या मदतीनं काढलेलं. दोस्तांनो, हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. तुमच्या हातातलं हे सायक्लोस्टाईलचं पान इंडीच आहे. अनियतकालिकवाल्यांनी साठच्या दशकात जे केलं, दलित लेखकांनी सत्तरच्या दशकात जे केलं, त्याला तेव्हा हे नाव नव्हतं इतकंच. म्हणून या पोराबद्दल मला पहिल्याच झटक्यात जवळीक वाटली. शाळेनं टाकलेला किंवा शाळेला टाकलेला, स्वतःच शिकलेला. माझ्याच बिरादरीतला म्हणायचा.

सूतगिरणीत रातपाळी करणाऱ्याचे कान सकाळी वाजत असतात. रिंग फ्रेमचा आवाज खात्यातून बाहेर पडलं तरी डोक्यातून जात नाही. त्या आवाजावर दुसरा कुठला तरी आवाज घालावा लागतो, तेव्हा झोप येते. मी मोबाईलवर पितळी वाद्यांचं काहीबाही ऐकत पडतो. एका सकाळी एक गाणं संपलं आणि आपोआप दुसरं सुरू झालं. 'पोस्टकार्ड्स फ्रॉम इटली'. सुरुवातीला युकुलेलीची तुणतुण. मग एक जडशीळ, रडवेला पण न रडणारा आवाज. शब्द कळत नव्हते, कळावेत असं वाटतही नव्हतं. आणि मग ट्रम्पेट. एक नाही, अनेक. एकमेकांना धरून, थोडे थकलेले, थोडे प्यालेले. मी उठून बसलो. हा सूर मला ठाऊक होता. वरात घरी पोचवून परत निघालेला बँड, पहाटे चारला, ड्रेसची बटणं सुटलेली, तरी एकजण अजून वाजवतोय, तो सूर. आता हा न्यू मेक्सिकोतल्या पोराला कुठून मिळाला?

माझ्याबरोबर खात्यात एक बदली कामगार आहे. लगीनसराई आली की रजा टाकतो आणि बँडात ट्रम्पेट वाजवतो. जातीनं मातंग. बापही वाजवायचा, आजाही. जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या कानाला मोबाईल लावला. त्यानं डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं. म्हणाला, "चांगलं हाय. पन ह्यो लग्नात वाजवत न्हाय कवी. ह्यो खोलीत बसून एकटाच वाजवतोय."

मी चाट पडलो. त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं.

मग मी शोधाशोध केली. कॉन्डननं जिथून घेतलं तिथवर गेलो. मॅसिडोनियातला कोचानी ऑर्केस्टार. सर्बियातला बोबान मार्कोविच. रुमानियातला फानफारे चोकर्लिया, म्हणजे चंडोल पक्ष्याचा बँड. हे ऐकवल्यावर आमचा ट्रम्पेटवाला हसायलाच लागला. "ह्ये बग, ह्ये आपलं. ह्येंची व्हटं फुटल्याली हायती. आन ह्ये पैशे मोजून घेतल्याबिगर थांबत न्हाईत." तो मांडीवर ठेका धरायला लागला आणि अडला. पुन्हा धरला. दोन-दोन-दोन-तीन. नऊ मात्रा. पुढच्या गाण्यात सात. "च्यायला, लंगडत पळतंय," म्हणाला. तो लंगडा ठेका बाल्कनचा प्राण आहे. कॉन्डनच्या गाण्यात तो फारसा सापडत नाही. तिथं बहुतेक तीनचा झोका आणि चारची चाल. पायाला सोपी केलेली. पॉप म्हणतात ते हेच. कठीण मात्रा गाळायच्या आणि हुरहूर तेवढी ठेवायची.

हे वाजवणारे कोण? कोचानीवाले, मार्कोविच, चोकर्लियावाले, सगळे रोमा. म्हणजे युरोप ज्यांना जिप्सी म्हणून हिणवतो ते. आणि इथून पुढं गोष्ट आपल्या दारात येते.

रोमा लोक हजार-पंधराशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून बाहेर पडले. हे दंतकथेवरून नाही, त्यांच्या भाषेवरून सिद्ध झालंय. त्यांचे आकडे ऐका : येख, दुय, त्रिन, श्तार, पांज. दहाला देश, विसाला बिश. पाण्याला पानी. नाकाला नाक, कानाला कान, केसाला बाल. काळ्याला कालो. घराला खेर. आणि माणसाला मानुष. सूर्याला ते खाम म्हणतात. ज्या मूळ शब्दापासून त्यांचा खाम आला त्याच शब्दापासून आपला घाम आला. एकच शब्द, मूळ अर्थ उष्मा. त्यांनी तो आभाळात नेऊन ठेवला, आमच्या कपाळावर तो राहिला. मी कविता लिहितो, पण अशी ओळ मला सात जन्मात सुचली नसती.

आणि रोम हा शब्द? भाषातज्ज्ञ तो डोम या शब्दाशी जोडतात. डोम म्हणजे कोण, हे काशीच्या घाटावर जाऊन बघा. प्रेतं जाळणारा, वाजवणारा, गाणारा, टोपल्या विणणारा, गावाबाहेरचा. इथं अस्पृश्य, आणि तिकडे गेल्यावरही गावाबाहेरच. तिथं त्यांच्या वस्तीला महाला म्हणतात. तुर्कांनी तिकडे नेलेला शब्द, आपल्या मोहल्ल्याचा सख्खा भाऊ.

२०१६ साली दिल्लीत आंतरराष्ट्रीय रोमा परिषद भरली. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी रोमांना भारताची लेकरं म्हटलं. ऐकायला छान वाटतं. पण कुठल्या भारताची? प्रेमळ शब्द वापरणाऱ्यांनी पुढचं वाक्य कधी बोलून दाखवलंय का, की ही डोमांची लेकरं आहेत? उलट रोमा म्हणजे मूळचे राजपूत योद्धे होते अशा कहाण्या हौसेनं रचल्या गेल्या. पूर्वज सापडला की आधी त्याला क्षत्रिय करून घ्यायचं, ही आपल्या देशाची जुनी खोड. हजार वर्षांनी परत आलेल्या पाहुण्यालाही आंघोळ घातल्याशिवाय घरात घेत नाहीत.

पोस्टकार्डाच्या मागची बाजूही वाचू. रुमानियाचा मुलूख पूर्वी वालाकिया आणि मोल्डाविया अशा दोन राज्यांत होता. तिथं रोमा गुलाम होते. उपमा म्हणून नाही. खरेदी-विक्रीचे, कागदावरचे गुलाम. राजाचे, मठांचे, जमीनदारांचे. जवळपास पाचशे वर्षं. मोल्डावियात ही गुलामी १८५५ च्या अखेरीस संपली, वालाकियात १८५६ च्या फेब्रुवारीत. आणि नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना. फानफारे चोकर्लियाचं गाव याच मोल्डावियातलं. गावाचं नाव झेचे प्रझीन. अर्थ : दहा काठ्या. प्रझीन हे जमीन मोजायचं जुनं माप, आपल्याकडे काठी होती तसंच. गावाचं नाव सुद्धा मोजून दिलेल्या जमिनीचं. ज्यानं महारवतनाचा तुकडा बघितलाय त्याला या नावाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पुढं नाझी आले. दोन ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउश्वित्झ-बिर्केनाऊ छावणीतला रोमांचा विभाग रिकामा केला. चार हजारांहून अधिक बाया, पोरं, म्हातारे एका रात्रीत गॅसनं मारले. युरोपभर मिळून किती रोमा मारले गेले याचे अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात. इतका मोठा फरक का? कारण ज्यांना जिवंतपणी कोणी मोजलं नव्हतं, त्यांना मेल्यावर कोण मोजणार.

हे सगळं त्या ट्रम्पेटात आहे. कॉन्डनच्या गाण्यातली हुरहूर मला खरी वाटली ती याच्यामुळे. त्याला ती सुरातून मिळाली. इतिहासातून आलेलीच होती, पण इतिहास त्याला भोगावा लागला नाही.

पितळी बाजा मुळात रोमांचाही नाही. तो फौजांचा. सर्बियात १८३१ साली राजा मिलोश ओब्रेनोविचनं पहिला लष्करी बँड उभा केला. त्याआधी तुर्की फौजांची वाद्यं होतीच. पुढं ही वाद्यं छावणीतून गावात आली आणि रोमांच्या हातात पडली. त्यांनी त्यातून लग्न काढलं, मयत काढली, नाच काढला. आपल्याकडे काय झालं? इंग्रजी फौजेचा बँड आला. ट्रम्पेट, क्लॅरनेट, ढोल. पुढं ही वाद्यं लग्नाच्या वरातीत शिरली आणि ती वाजवायचं काम कोणाच्या गळ्यात पडलं? ज्यांच्या हातात आधीच हलगी, सनई, संबळ होतं त्यांच्याच. तोंडाला लावून फुंकायचं वाद्य, त्यावर थुंकी उडते. कातड्याचं वाद्य, ते मेलेल्या जनावराचं. दोन्ही विटाळाचे. युरोपात आणि हिंदुस्थानात, एकमेकांना न विचारता, मालकांनी एकच निर्णय घेतला : सूर आमच्या मांडवात हवा, वाजवणारा मांडवाबाहेर हवा.

आता आपल्या घरातलं बोलू.

माझा पणजा गावकीचं वाजवायचा. १९५६ नंतर घर बौद्ध झालं आणि घरातलं वाद्य गेलं. नुसतं वाद्य नाही, त्याचं नावही घरात कोणी काढायचं नाही. मेलेली ढोरं ओढणं सोडलं, येसकरकी सोडली, तसंच हेही सोडलं. बरोबरच केलं. बाबासाहेबांनी सांगितलं म्हणून माणसं माणसात आली. पण हे बँड ऐकायला लागल्यापासून माझ्या डोक्यात एक किडा वळवळत होता. मी आज्याला विचारलं, "आबा, हलगी वाईट होती का वो?"

आबा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "वाजवायचं वंगाळ न्हवतं रं लेका. वाजीव म्हनल्यावर वाजवायचं आन थांब म्हनल्यावर थांबायचं, त्ये वंगाळ व्हतं. माजा बा वाजवायला लागला की मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू जायचं. आन त्यो सोता त्या देवळाच्या पायरीला शिवू शकत न्हवता. आवाज आत, मानूस भायेर."

यावर मी काय टीका लिहू? सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकांनी भरलेलं कपाट या दोन वाक्यांपुढं फिकं आहे.

म्हणजे भांडण वाद्याशी नव्हतं, हुकुमाशी होतं. आपल्या जलशांनी हे ओळखलं होतं. भीमराव कर्डकांनी तमाशाचाच साचा घेतला. ढोलकी तीच, तुणतुणं तेच. पण गण-गवळणीच्या जागी बाबासाहेबांचा विचार ठेवला. वामनदादा कर्डक गावोगाव फिरले, लोकांच्या ओठावरच्या चाली घेतल्या आणि त्यात माणूस भरला. अण्णाभाऊंनी लावणीला मुंबई आणि कामगार दिला. सरमिसळ म्हणाल तर ही सरमिसळच. लोकसंगीत अधिक नवं काहीतरी. कॉन्डननं जे २००६ साली खोलीत केलं ते आपल्या माणसांनी मैदानात, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, त्याच्या कितीतरी आधी केलं होतं. फरक एवढाच की त्यांनी दुसऱ्याचं दुःख उसनं घेतलं नाही. आपलंच वाद्य हुकुमातून सोडवून आणलं.

मग कॉन्डन चोर आहे का? असं बोललं की टाळी मिळते, पण ते खरं नाही. सरमिसळीशिवाय जगात गाणं नाही. रोमांनी तुर्कांचं घेतलं, सर्बांचं घेतलं, रुमानियनांचं घेतलं. शुद्ध संगीत ही शुद्ध रक्तासारखीच थाप आहे. आपण आंबेडकरवादी आहोत, शुद्धतेचं राजकारण कोणाचं हे आपल्याला माहीत आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. घेतलं, ठीक. पण नाव कोणाचं लागलं?

'गुलाग ऑर्केस्टार'च्या कव्हरवरचा फोटो जर्मनीतल्या लाइपझिग शहरातल्या लायब्ररीत, एका पुस्तकातून फाडलेला सापडला होता. फोटो कोणाचा, ते तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढं कळलं की तो सर्गेई चिलिकोव या रशियन फोटोग्राफरचा. बघा, फोटोला सुद्धा नाव नव्हतं. ज्यानं काढला तो माणूस कुठंतरी होता, त्याचं चित्र जगभर फिरत होतं. सुराचंही तसंच. कॉन्डनचं नाव जगात झालं त्याच २००६ साली फानफारे चोकर्लियाचा म्होरक्या, क्लॅरनेटवाला योआन इवान्चा वारला. बेरूत ऐकणाऱ्या किती पोरांना हे नाव माहीत असेल?

पण या पोराच्या बाजूनंही एक गोष्ट मांडतो. २००९ साली त्यानं 'मार्च ऑफ द झापोटेक' काढलं. त्यासाठी तो मेक्सिकोतल्या वाहाका भागात, तेओतित्लान देल वाये या गावी गेला. झापोटेक आदिवासींचं गाव. गावाचा धंदा विणकामाचा, लोकरीचे गालिचे. तिथला हिमेनेज बँड मयतीत वाजवणारा. या वेळी तो पोरगा खोलीत एकटा बसला नाही. त्यांच्यात जाऊन उभा राहिला, त्यांच्याबरोबर वाजवलं, आणि त्यांचं नाव सांगितलं. पोस्टकार्ड पाठवणं आणि घरी जाऊन भेटणं यात फरक आहे. तो त्याला कळला असावा. मी ते विणकरांच्या गावचं ट्रम्पेट ऐकतो तेव्हा सुताची माणसं म्हणून अंमळ जास्तच जवळचं वाटतं.

आता शेवटची आणि सगळ्यात मोठी गोष्ट. बाल्कनच्या शेजारी हंगेरी देश आहे. तिथंही रोमा गावाच्या कडेला, शाळेत मागच्या बाकावर, नाहीतर मतिमंदांच्या वेगळ्या शाळेत. ही माझी अतिशयोक्ती नाही. झेक देशातल्या ओस्त्रावा शहरात रोमा पोरांना अशा वेगळ्या शाळांत ढकललं जायचं, आणि युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं नोव्हेंबर २००७ मध्ये निकाल दिला की हा भेदभाव आहे. त्याच २००७ साली हंगेरीत देर्दाक तिबोर आणि ओर्शोश यानोश यांनी शायोकाझा नावाच्या गावात रोमा पोरांसाठी शाळा काढली. शाळेला नाव दिलं डॉक्टर आंबेडकर. त्यांच्या संघटनेचं नाव जयभीम. त्यांना बाबासाहेब पुस्तकात सापडले, महाराष्ट्रात येऊन त्यांनी आपल्या वस्त्या पाहिल्या, बुद्धाचा धम्म घेतला. हजार-पंधराशे वर्षांपूर्वी इथून निघालेल्या माणसाला इथल्या जातीनं काय दिलं? बाहेरची वाट. आणि बाबासाहेबांनी काय दिलं? शाळा.

१९७१ साली लंडनजवळ पहिली जागतिक रोमा परिषद भरली. त्यात त्यांचा झेंडा ठरला. वर निळा, खाली हिरवा, मध्ये लाल चाक, सोळा आऱ्यांचं. निळा आणि चाक. ती परिषद आठ एप्रिलला भरली म्हणून आठ एप्रिल हा आंतरराष्ट्रीय रोमा दिन. बरोबर सहा दिवसांनी आपली चौदा एप्रिल.

आणि चौदा एप्रिलला आपण काय करतो? आमचा ट्रम्पेटवाला जयंतीच्या मिरवणुकीत वाजवायला येतो. त्याला मी विचारलं, आमच्या लोकांत वाजवताना कसं वाटतं. तो आधी टाळत होता. मग म्हणाला, "कवी, खरं सांगू? पाटलाची वरात आसू दे न्हाईतर तुमची जयंती. हाक एकच. ए ब्यांड, वाजीव. जेवायला शेवटच्या पंगतीला."

दोस्तांनो, हे वाक्य मी गोड करून सांगणार नाही. माझ्या आज्यानं जे शब्द गावच्या पाटलाबद्दल वापरले तेच शब्द हा माणूस आपल्या पोरांबद्दल वापरतोय. वाजीव म्हनल्यावर वाजवायचं. अण्णाभाऊंनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, ती काय आपण त्यांच्या पोरांना शेवटच्या पंगतीला बसवावं म्हणून? अमेरिकेतल्या पोरानं रोमांचं नाव घेतलं की नाही याचा हिशेब मांडायचा हक्क आपल्याला आहे. पण तो हिशेब मांडणाऱ्याची स्वतःची वही कोरी नको.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. जयंतीला डीजेच्या भिंती उभ्या करायला हजारो रुपये जातात. ते थोडे कमी करा. बँड बोलवा. आठ एप्रिलला वस्तीतल्या पोरांना गोळा करून चोकर्लिया, कोचानी ऐकवा, बेरूतही ऐकवा, आणि या सुराचा माग कुठून कुठं जातो ते सांगा. आपल्या पोरापोरींनी हलगी शिकावी, ट्रम्पेट शिकावं. ज्यांना येतं त्यांच्याकडून, त्यांना गुरुजी म्हणून शिकावं. कोणी हुकूम केला म्हणून वाजवायचं नाही, आपल्याला वाटलं म्हणून वाजवायचं. आणि मंडपात वर्गणीदारांच्या नावाचा फळा लागतो ना, त्याच फळ्यावर, त्यांच्या वर, वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहा. नुसतं बँड पार्टीचं नाही. ट्रम्पेटवाल्याचं, क्लॅरनेटवाल्याचं, मागं ढोल घेऊन चालणाऱ्या पोराचं. पूर्ण नाव, बापाच्या आणि आईच्या नावासकट. आणि पहिल्या पंगतीला त्यांची पानं मांडा.

जयभीम.